मदत हवी आहे : दोन बैजिक राशी समान आहेत की नाहीत? (तातडीचं)

रेघोटी
राशीला सोपं रूप दिलं तर मूळ राशी आणि सोपी राशी समानच यायला हवी ना? माझ्या येत नाहीत. विस्तार पुन्हा पुन्हा तपासला, बरोबर वाटतो. किंमती टाकल्या की एके ठिकाणी जुळतं, बाकी कुठेच नाही. आठवीची कार्यपत्रिका आज रात्री छापायला जायची आहे. चूक कुठे असते ते लवकर सांगा.

पाटीपेन्सिल
राशी द्या की आधी. न बघता काय सांगणार?

घनमूळ
बहुतेक कंसाआधीचं वजा चिन्ह. कंस सोडताना पहिल्याच पदाचं चिन्ह बदलतात आणि बाकीची पदं तशीच राहतात.

रेघोटी
ते बघितलंय. मूळ राशी : (२क्ष+१)² − (५क्ष−३)(क्ष+२)
सोपं रूप : −क्ष² − ३क्ष + ७

पाटीपेन्सिल
किंमती टाकणं सोडा, कागदावर करा.
(२क्ष+१)² = ४क्ष² + ४क्ष + १
(५क्ष−३)(क्ष+२) = ५क्ष² + १०क्ष − ३क्ष − ६ = ५क्ष² + ७क्ष − ६
वजा करताना तिन्ही चिन्हं बदलतात : ४क्ष² + ४क्ष + १ − ५क्ष² − ७क्ष + ६
सजातीय पदं एकत्र केली की −क्ष² − ३क्ष + ७. तुमचं उत्तर बरोबर आहे. छापा.

चतकोर
या राशीचे अवयव पडणार नाहीत. विवेचक (ब² − ४अक) ९ + २८ = ३७, पूर्ण वर्ग नाही. आठवीला अवयव पाडायला देणार असाल तर गणित बदला.

रेघोटी
अवयव कुणी मागितलेत? पडताळ्याचा तक्ता पानावर छापायचा आहे आणि तोच जुळत नाही. क्ष = ०, १, २, ३, ४ साठी
मूळ राशी : ७, ३, −३, −११, −२१
सोपं रूप : ७, ५, ५, ७, ११

घनमूळ
हे आधी दिलं असतंत तर! दोन ओळींतला फरक बघा : ०, २, ८, १८, ३२. लागोपाठचे फरक २, ६, १०, १४ आणि त्यांच्यातला फरक कायम ४. म्हणजे तफावत नेमकी २क्ष² आहे. ० ला जुळतंय, म्हणून स्थिरपद ठीक. क्ष च्या पदातही गडबड नाही. फक्त −क्ष² च्या जागी +क्ष² मोजला जातोय. किंमती काढल्या कशाने?

रेघोटी
एक्सेलमध्ये, अजून कशात काढणार? क्ष ची किंमत ए स्तंभात. सूत्र =-ए२^२-३*ए२+७

घनमूळ
सापडलं. एक्सेलमध्ये सूत्राच्या सुरुवातीचं ऋण चिन्ह घातांकाच्या आधी लागतं. =-३^२ चं उत्तर तिथे ९ येतं, गणितात ते −९ आहे. दोन संख्यांमधलं वजाबाकीचं चिन्ह मात्र घातांकानंतर लागतं, म्हणून =७-३*ए२-ए२^२ बरोबर चालतं. मूळ राशीत वजा मध्ये आहे, त्यामुळे तो स्तंभ बिघडला नाही.
उपाय : =-(ए२^२)-३*ए२+७ लिहा, नाहीतर =-पॉवर(ए२,२)-३*ए२+७. आणि हे फक्त पहिल्या पदापुरतं नाही. कंस उघडल्यावर लगेच ऋण पद आलं, उदाहरणार्थ ५*(-ए२^२+१), तर तिथेही हेच होतं.

तिरपी_मात्रा
लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही ९ च येतं. एक्सेलच्याच व्हीबीएमध्ये (त्यातल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत) मात्र −९. पायथनमध्येही −९. खरं तर एक्सेल सोडून सिमपाय (पायथनमधलं बीजगणिताचं साधन) वापरा. फक्त दोन राशींमध्ये दुहेरी बरोबर चिन्ह (==) टाकून तुलना करू नका, ते मांडणी तपासतं, मूल्य नाही; (क्ष+१)² आणि क्ष²+२क्ष+१ यांनाही ते असमान ठरवतं. दोन्हींची वजाबाकी करून विस्तार करा, ० आला की समान.

पाटीपेन्सिल
आज रात्री छापायचं आहे हो, पायथन कधी शिकणार? आणि म्हणूनच म्हणतो, किंमती टाकून काही सिद्ध होत नाही. क्ष³ + २क्ष आणि ३क्ष² घ्या. ० ला ०, १ ला ३, २ ला १२, तिन्हीकडे जुळतात. ३ टाकलं की ३३ आणि २७.

घनमूळ
तुमचं उदाहरण बरोबर, निष्कर्ष नाही. तिथे कोटी (क्ष चा सर्वांत मोठा घातांक) ३ आहे, तीन किंमती अपुऱ्याच. एका चलातल्या दोन बहुपदींची कोटी जास्तीत जास्त 'न' ही संख्या असेल आणि न+१ वेगळ्या किंमतींना त्या जुळल्या, तर त्या समानच. कारण त्यांच्या वजाबाकीची कोटीही न पेक्षा जास्त नसते, आणि शून्य नसलेल्या अशा बहुपदीला न पेक्षा जास्त मुळं (जिथे तिची किंमत ० येते अशा क्ष च्या किंमती) असूच शकत नाहीत. इथे कोटी २, तीन किंमती पुरेत. हा पूर्ण पुरावा आहे.

पाटीपेन्सिल
आठवीच्या मुलाला हे कोण समजावणार? त्याला विस्तारच करू द्या. असमान दाखवायला एक किंमत पुरते, तेवढ्यासाठी किंमती ठीक.

रेघोटी
कंस घातला, दोन्ही स्तंभ जुळले. आता प्रश्न ७ : (क्ष²−९)/(क्ष−३) आणि क्ष+३. पाच ओळी, क्ष = ० ते ४. चार जुळतात, ३ च्या ओळीत शून्याने भागल्याची त्रुटी येते. इथेही कंस हवाय का?

घनमूळ
नाही, सूत्र बरोबर आहे. क्ष = ३ ला डाव्या राशीला किंमतच नाही, उजवीला ६ आहे. उत्तरसूचीत "क्ष + ३, क्ष ≠ ३" असं छापा आणि तक्त्यात ३ ऐवजी ५ घ्या.

चतकोर
किंमती पूर्णांकच ठेवा. ०.१ सारखे दशांश टाकलेत तर शेवटच्या स्थानी बारीक फरक उरतो आणि बरोबर असलेलं उत्तरही चूक दिसू शकतं.