वॉकर, फुलर, टकर : धंदा एक, आडनावं तीन

शंकासुर :
वॉकर या इंग्रजी आडनावाचा अर्थ काही ठिकाणी ‘चालणारा, पायी हिंडणारा’ असा दिलेला दिसतो, तर काही ठिकाणी ‘कापड तुडवणारा’. दोन्हींचा मेळ कसा घालायचा? फुलर आणि टकर यांचाही अर्थ हाच सांगतात. एकाच कामाला तीन आडनावं कशासाठी? आणि हे काम नेमकं काय होतं? धोब्याचं की विणकराचं?

शब्दखुणा :
कापड तुडवणारा हाच अर्थ बरोबर. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कान’ हे क्रियापद होतं, अर्थ लोळवणे, घुसळणे, उलटसुलट करणे. त्यावरून ‘वेआल्केरे’ म्हणजे ओलं लोकरी कापड तुडवून घट्ट करणारा कारागीर. ‘चालणे’ हा अर्थ त्याच क्रियापदाला साधारण १३व्या शतकापासून चिकटला आणि पुढे मूळ अर्थ गिळून बसला. आडनाव मात्र जुन्या अर्थावरच थांबलं.

फुलरचा ‘भरलेला’ या अर्थाच्या ‘फुल’शी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये कापड तुडवणाऱ्याला ‘फुल्लो’ म्हणत. तिथून जुन्या इंग्रजीत ‘फुल्लेरे’ आला आणि नॉर्मन काळात फ्रेंच ‘फुले’, म्हणजे तुडवणे, या क्रियापदाने त्याला बळ दिलं. टकरचं मूळ जुन्या इंग्रजी ‘तूकिअन’मध्ये आहे, अर्थ छळणे, हाल करणे. कापडाची जी गत करत ती पाहता शब्द नेमका निवडलाय.

जंगलाच्या ठरावीक पट्ट्यात गस्त घालणाऱ्या रक्षकालाही इंग्लंडमध्ये ‘वॉकर’ म्हणत, हे खरं. पण त्या अर्थाच्या नोंदी उशिराच्या आहेत आणि तोवर हे आडनाव घराघरांत पक्कं झालेलं होतं.

चुकीच्या अर्थाची सगळ्यांत यशस्वी जाहिरात एका स्कॉटिश व्हिस्कीने केली. किल्मार्नोक गावात जॉन वॉकर याने १८२० मध्ये किराणा दुकान घातलं. त्याच्या नावाच्या व्हिस्कीसाठी १९०८ मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने ढांगा टाकत निघालेला गृहस्थ काढला. नावाच्या इतिहासाशी इमान राखायचं तर तो गृहस्थ हौदात उभा राहून एकाच जागी पाय आपटताना दाखवायला हवा होता. बाटली खपली नसती, एवढंच.

लोकरकाम :
कामाचं स्वरूप सांगतो, कारण धोबी की विणकर हा प्रश्न त्याशिवाय सुटत नाही. उत्तर : दोन्ही नाही, हा त्या दोघांच्या पुढचा टप्पा आहे.

मागावरून उतरलेलं लोकरी कापड वापरायच्या लायकीचं नसतं. वीण सैल असते, धागे सरकतात, शिवाय कताईच्या वेळी लोकरीला लावलेलं तेल किंवा लोणी त्यात मुरलेलं असतं. म्हणून आधी मळ काढायचा. त्यासाठी शिळं मूत्र वापरत. मूत्र साठवून ठेवलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी फोडतो. जोडीला एक खास चिकणमाती लागे, जी तेल शोषून घेते. इंग्रजीत तिला आजही फुलरची माती म्हणतात. आपल्याकडे तीच मुलतानी माती म्हणून चेहऱ्याला फासली जाते! इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या रेडहिल-नटफिल्ड भागात तिच्या खाणी होत्या. परदेशी कापडधंद्याला तिचा फायदा होऊ नये म्हणून १६६२ च्या कायद्याने ती देशाबाहेर नेण्यावर बंदी होती.

मळ निघाला की खरं तुडवणं सुरू. घड्या घातलेलं ओलं कापड लाकडी हौदात टाकायचं, कोमट पाणी आणि साबण घालायचा आणि माणसांनी तासन्‌तास पायाखाली घ्यायचं. लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेला झुकलेले. ऊब, ओल आणि दाब मिळाला की केस मुळाच्या दिशेने पुढे सरकतो, पण खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाही. असे हजारो केस एकमेकांत घुसत जातात आणि कापड आकसून दाट होतं. रुंदीचा तिसरा हिस्सासुद्धा जाई, म्हणून रुंद कापड मागावर मुद्दाम जास्त पन्ह्याचं विणत. सुताच्या धाग्याला खवले नसतात. त्यामुळे सुती कापड कितीही तुडवलं तरी ते फक्त धुतलं जातं.

बिघडायच्या जागा बऱ्याच होत्या. मधूनमधून कापड बाहेर काढून घड्या बदलल्या नाहीत तर चुण्या तिथेच घट्ट बसतात, मग त्या कशानेही जात नाहीत. पाणी कमी पडलं तर घर्षणाने कापड झिजून भोकं पडतात. जास्त वेळ तुडवलं तर पन्हा मापापेक्षा कमी भरतो, आणि माप हा सरकारी मामला होता. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या राजाच्या सनदेत कापडाचा पन्हा काठ सोडून दोन एल असावा असं कलमच आहे. (एल म्हणजे हातासारखं कापड मोजायचं जुनं माप.)

तुडवून झालं की कापड लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवायचं. इथे लबाडीला वाव. आकसलेलं कापड जरुरीपेक्षा जास्त ताणलं की विकताना मापात बसतं आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर पहिल्या पावसात पुन्हा आखडतं. त्यासाठी सरकारी मोजणीदार कापड तपासून शिसाची मोहोर लावत. शेवटी टीझल नावाच्या काटेरी बोंडांनी पृष्ठभागावर लव उभी करायची आणि भल्यामोठ्या कात्रीने ती एकसारखी कातरायची. हे कातरणाऱ्याचं आडनाव शेरमन, शर्मन, शिअरमन. अमेरिकी यादवी युद्धातल्या जनरल शेरमनचे पूर्वज एसेक्समधल्या डेडम या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या गावचे होते.

शंकासुर :
म्हणजे मराठीत याला नेमका शब्द नाही?

शब्दखुणा :
कामच नव्हतं, तर शब्द कुठून येणार? आपल्याकडे वापर सुताचा. लोकरीचं घोंगडं होतं, पण त्याला सणगर-धनगरांकडे चिंचोक्याची खळ लावून ताठपणा आणत. क्रियेपुरतं म्हणायचं तर ‘खुंदणे’ किंवा ‘तुडवणे’ चालेल. कारागिराला ‘लोकर खुंदणारा’ म्हणावं, उगाच संस्कृत जोडशब्द पाडू नये.

मराठी बायबलात मार्कच्या नवव्या अध्यायात, येशूची वस्त्रं पांढरीशुभ्र होतात तिथे, इंग्रजीतल्या ‘फुलर’ला ‘परीट’ केलंय. त्या जागी ते चुकीचं वाटत नाही. रोमन काळातला फुल्लो नवं कापड तयार करायचा तसेच वापरलेले कपडेही धुऊन द्यायचा. पण मध्ययुगीन इंग्लंडमधल्या वॉकरला परीट म्हटलं तर घोटाळा होईल, कारण धुणं हे त्याच्या कामाचं निम्मंसुद्धा अंग नव्हतं.

नकाशेवाला :
आता तीन आडनावं का, याकडे येऊ. माझ्या मते या चर्चेतला सगळ्यांत रसाळ भाग हाच आहे, व्युत्पत्ती नव्हे.

इंग्लंडचा नकाशा समोर घ्या. उत्तर इंग्लंड (यॉर्कशर, लँकशर), पश्चिम मिडलँड्स आणि स्कॉटलंड : वॉकर. आग्नेय इंग्लंड आणि ईस्ट अँग्लिया, म्हणजे ससेक्स, केंट, एसेक्स, सफोक, नॉरफोक : फुलर. नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेट आणि पलीकडे साउथ वेल्स : टकर. १३व्या-१४व्या शतकात जिथे जो बोलीशब्द होता तिथे तो आडनाव झाला. नंतर शब्द मेले, धंदा यंत्रांनी खाल्ला, पण आडनावांनी बोलींची सीमारेषा धरून ठेवली.

गिरण्यांची नावंही तशीच. हेच काम पाणचक्कीवर करणाऱ्या गिरणीला उत्तरेत ‘वॉक मिल’, नैर्ऋत्येत ‘टकिंग मिल’. बाथजवळ टकिंग मिल नावाची वस्ती अजून आहे. वेल्श भाषेत अशी गिरणी म्हणजे ‘पांडी’, टोनीपांडी या गावाच्या नावातली. एक्सेटरचं उदाहरण तर झकास आहे : १४७१ मध्ये बांधलेल्या वास्तूला गावात टकर्स हॉल म्हणतात, पण ती ज्यांची आहे त्या संघाचं औपचारिक नाव ‘विणकर, फुलर आणि शिअरमन’ यांचा संघ असं. घरचा शब्द टकर, कागदावरचा फुलर.

डेव्हन-सॉमरसेटकडे शब्दाच्या सुरुवातीचा ‘फ’ घोगरा होऊन ‘व’ होतो, म्हणून तिकडे फुलरचं व्होलर, व्हाउलर झालेलंही सापडतं.

हीच गंमत विणकरांच्या आडनावांत आहे. उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये वेबस्टर, डेव्हनमध्ये वेबर, दक्षिणेत आणि मिडलँड्समध्ये वेब. यातला ‘-स्टर’ प्रत्यय मुळात स्त्रीवाचक होता.

शंकासुर :
एक अडचण. नॉरफोक तर वर्स्टेड कापडासाठी प्रसिद्ध, आणि वर्स्टेड तुडवत नाहीत असं ऐकून आहे. मग तिथे एवढे फुलर कशाला?

लोकरकाम :
बरोबर ऐकलंय. वर्स्टेडला लांब केसांची लोकर विंचरून, समांतर करून कातात. त्याची वीण दिसायला हवी असते, म्हणून ते तुडवून दाट करत नाहीत. नावही नॉरफोकमधल्याच वर्स्टेड या गावावरून आलंय.

पण सगळं नॉरफोक फक्त वर्स्टेड विणत होतं असं नाही. घरगुती वापराचं जाडंभरडं लोकरी कापड प्रत्येक भागात होई आणि ते तुडवावंच लागे. शिवाय लगतच्या सफोक आणि उत्तर एसेक्समध्ये तुडवलेल्या रुंद कापडाचा जोरदार धंदा होता, लॅव्हनम आणि हॅडली ही त्यातली गावं. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेले एडवर्ड आणि सॅम्युअल हे फुलर बंधू नॉरफोकमधल्या रेडनहॉलचे, अगदी सफोकच्या हद्दीवरचे.

दप्तरदार :
नकाशा पाहताना एक चूक हमखास होते. लोक नुसता आकडा बघतात. १८८१ च्या जनगणनेत कुठल्याही मोठ्या आडनावाची माणसं लँकशर आणि लंडनमध्ये भरपूर दिसणार, कारण तिथे माणसंच भरपूर होती. आडनावाचं मूळ शोधायचं तर दर हजार किंवा दर लाख वस्तीमागे किती, हे काढायचं. आडनावांचे अभ्यासक गप्पी यांनी १८९० च्या सुमारास आणखी वेगळी युक्ती केली : फक्त शेतकऱ्यांची आडनावं मोजली, कारण गाव सोडून जाण्यात शेतकरी सगळ्यांत मागे.

दुसरी पायरी जुन्या नोंदींची. नावात ‘ले’ असेल (अमुक ले वॉकर) तर आडनाव धंद्यावरून. ‘दे’ किंवा ‘अत्ते’ असेल तर जागेवरून. हे वॉकरच्या बाबतीत तपासावंच लागतं, कारण न्यूकॅसलमध्ये वॉकर नावाचा भाग आहे. ते नाव हेड्रियनच्या (रोमनकालीन) भिंतीवरून पडलं, अर्थ ‘भिंतीजवळची पाणथळ’. धंद्याशी त्याचा संबंध शून्य. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या इथे कामाला येतात. यॉर्कशरच्या १३७९ च्या यादीत काही जणांच्या आडनावासोबत धंदाही लिहिलेला असतो. दोन्ही जुळले तर तो माणूस खरोखर ते काम करत होता, नाही जुळले तर आडनाव वारशाने आलेलं.

टकरबद्दल सावध राहा. आयर्लंडमध्ये ‘ओ तुआखिर’ या गेलिक नावाचंही इंग्रजी रूप टकर केलं गेलं. स्कॉटलंडमध्ये उलट : गेलिकमध्ये ‘कापड तुडवणाऱ्याचा मुलगा’ असं आडनाव होतं, त्याचं भाषांतर करून वॉकर झालं. म्हणजे तिथे शब्द बदलला, अर्थ शाबूत राहिला.

शंकासुर :
सगळे वॉकर एकमेकांचे भाऊबंद असतील का? मूळ पुरुष एक वगैरे?

दप्तरदार :
नाही. वॉक मिल शेकडो गावांत होत्या आणि प्रत्येक ठिकाणी आडनाव स्वतंत्रपणे पडलं. लेस्टर विद्यापीठातल्या किंग आणि जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र (बापाकडून मुलाकडे जाणारं) तपासलं. दुर्मीळ आडनावांत एकाच पूर्वजाच्या ठळक खुणा मिळाल्या, स्मिथसारख्या सरसकट आडनावात त्या नव्हत्या. वॉकर दुसऱ्या गटात मोडेल.

हा मुद्दा अमेरिकेत जास्तच लागू. तिथल्या २०१० च्या जनगणनेत वॉकर सुमारे ५ लाख २३ हजार, आणि त्यांतले अंदाजे एक तृतीयांश कृष्णवर्णीय. गुलामगिरीच्या काळात आणि नंतर आडनावं मालकाकडून, शेजारातून किंवा पसंतीने आली. केसांच्या प्रसाधनांचा मोठा उद्योग उभारणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) यांना ते लग्नामुळे मिळालं. यॉर्कशरच्या हौदापर्यंत त्यांची वंशावळ ओढण्यात अर्थ नाही.

नकाशेवाला :
आपल्याकडच्या दोन खुणा. बडोद्याचा रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर, ज्याने १८०७ मध्ये काठेवाडातल्या संस्थानांनी गायकवाडांना द्यायच्या खंडणीची रक्कम ठरवून दिली, तो स्कॉटिश. मुंबई हायकोर्टाची इमारत (१८७१–७८) कर्नल जेम्स फुलर या अभियंत्याची.

शंकासुर :
शेवटचं. देवनागरीत ‘टकर’ लिहिलं की लोक ‘टक्कर’ वाचतात. ‘टकर’च ठेवायचं का?

शब्दखुणा :
ठेवा. इंग्रजी उच्चारात ‘क’चं द्वित्व नाही, ‘टक्कर’ लिहिलं तर उच्चारच बदलतो. ‘फुलर’मध्येही ‘फु’ ऱ्हस्वच, ‘फूलर’ नको. आणि ‘वॉकर’ला चंद्र द्यायला विसरू नका, नाहीतर ‘वाकर’ वाचून ते कोकणातलं आडनाव वाटायचं.