दगडफुलातील ॲट्रानोरिनचा द्रवणांक जुळत नाही

प्रश्न (विद्यार्थी_सोलापूर):
नमस्कार. मी सोलापुरात एम.एस्सी. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मंगळवार पेठेतील मसाल्याच्या दुकानातून दगडफूल (म्हणजे शैवाक, कवक व शैवाल यांचे सहजीवन) आणले, त्याच्या 50 ग्रॅम भुकटीचा सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुन्हापुन्हा फिरवणारे उपकरण) मिथेनॉलने आठ तास अर्क काढला आणि आटवलेला अर्क सिलिकाच्या स्तंभावर हेक्झेन व इथाइल ॲसिटेटने वेगळा केला. पांढरे स्फटिक मिळाल्यामुळे ते शैवाकांत आढळणारे ॲट्रानोरिन हे संयुग असावे असे मी धरून चाललो होतो. परंतु द्रवणांक 195 अंशांच्या आसपास अपेक्षित असताना 143 ते 145 अंश सेल्सिअस येतो. प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनची रेणूतील जागा दाखवणारा वर्णपट) 10.3 पीपीएम जवळचा अल्डिहाइडचा संकेत नाही आणि वलयावरील प्रोटॉन दोनऐवजी एकच, 6.2 जवळ, दिसतो. माझे काय चुकले असावे?

उत्तर १ (जुना_प्रयोगशाळावाला):
हे स्फटिक बहुधा तुमच्या सॉक्सलेटमध्येच तयार झाले आहेत. ॲट्रानोरिन हे डेप्साइड आहे, म्हणजे दोन फिनॉलिक घटक एस्टर बंधाने जोडलेले संयुग, आणि गरम मिथेनॉलमध्ये तासन्‌तास ठेवल्यास तो बंध तुटून एकीकडे मिथाइल हिमॅटोमेट व दुसरीकडे मिथाइल बीटा-ऑर्सिनॉल कार्बोक्झिलेट उरते. तुमचा द्रवणांक आणि एनएमआर या दुसऱ्या पदार्थाशी जुळतात; वस्तुमान वर्णपटात 196 चा रेणुभार मिळाला, तर शंका राहणार नाही (ॲट्रानोरिनचा 374 असतो). युरोपातील ओकमॉस या शैवाकाच्या सुगंधात याच पदार्थाचा मोठा वाटा असतो आणि अत्तरांसाठी तो कारखान्यात बनवलाही जातो, तेव्हा मेहनत अगदीच वाया गेली असे समजू नका.

मात्र हा पदार्थ काही शैवाकांत अल्प प्रमाणात मुळातही असू शकतो, म्हणून त्याच भुकटीचा थोडा भाग थंड ॲसिटोनमध्ये तासभर भिजवून दोन्ही अर्क एकाच टीएलसी पट्टीवर (सिलिकाचा पातळ थर असलेली, संयुगे ठिपक्यांत वेगळी करणारी पट्टी) शेजारी-शेजारी चढवा. थंड अर्कात या पदार्थाचा ठिपका नसेल, तर तो मिथेनॉलचाच प्रताप. शैवाकातील बहुतेक संयुगे पेशींच्या आत नसून कवकतंतूंच्या पृष्ठभागावर स्फटिकरूपात साचलेली असतात. त्यामुळे ती काढायला उष्णता लागतच नाही.

उत्तर २ (शैवाक_निरीक्षक):
रसायनाआधी मालाकडे पाहावे, असे मला वाटते. बाजारातील दगडफूल हे एका जातीचे क्वचितच असते. पार्मोट्रेमा या शैवाकाच्या रुंद पाळ्यांबरोबर एव्हर्नियास्ट्रम या दुसऱ्या शैवाकाच्या अरुंद, फाटे फुटलेल्या पट्ट्या सर्रास मिसळलेल्या असतात. सगळे एकत्र दळल्यावर कोणते संयुग कोणत्या जातीचे, हे कसे सांगणार? आधी भिंगाखाली निवडून घ्या, पातीने वरची साल खरवडून आतील पांढरी मज्जा उघडी करा आणि तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाका. पिवळा रंग येऊन काही क्षणांत रक्तासारखा लाल झाला, तर सॅलॅझिनिक आम्लाची शक्यता मोठी. ब्लीचच्या थेंबाने लाल झाले, तर लेकॅनोरिक आम्लासारखे काहीतरी.

उत्तर ३ (पट्टीवाली):
पट्टीसाठी टोल्युइन, डायॉक्सेन व ॲसेटिक आम्ल 180:45:5 या प्रमाणात वापरावे, नंतर 10 टक्के सल्फ्युरिक आम्ल फवारून 110 अंशांना तापवावे. कल्बर्सन आणि क्रिस्टिन्सन या शैवाक-संशोधकांनी 1970 मध्ये बसवलेल्या पद्धतीवरच हे आधारलेले आहे. हवेतील ओलाव्याने सिलिकाची पकड बदलते, त्यामुळे सोलापूरच्या मे महिन्यातील पट्टी आणि जुलैतील पट्टी यांचे आरएफ (ठिपका द्रावकाच्या तुलनेत किती वर चढला याचे गुणोत्तर) जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका. प्रत्येक पट्टीवर ॲट्रानोरिन आणि नॉरस्टिक्टिक आम्ल यांच्या शुद्ध नमुन्यांचे ठिपके तुलनेसाठी हवेतच.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. निवडलेल्या पार्मोट्रेमाच्या थंड ॲसिटोन अर्कात तो ठिपका दिसला नाही. नव्या स्फटिकांचा द्रवणांक 194 ते 196 अंश आला आणि अल्डिहाइडचा संकेत 10.36 ला आहे. मिथेनॉलच्या अर्कातील स्फटिकांचा वस्तुमान वर्णपट पुढच्या आठवड्यात काढून घेतो.