डावखुऱ्यासाठी .२२ रायफल कुठली? मदत हवी आहे

मिसुरीत राहतो, ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशन कोर्स झालाय, त्यामुळे कायद्याचं सोडा. खारी आणि सशांसाठी .२२ एलआर (लाँग रायफल, छोटं काडतूस) वाली रायफल घ्यायचीय, बजेट स्कोपसकट ४०० डॉलर, अंतर फार तर ५० यार्ड. मित्राची रुगर १०/२२ (सेमी-ऑटोमॅटिक, पुढची गोळी आपोआप भरते) रेंजवर चालवून बघितली, हलकी आहे, मस्त आहे, पण मी डावखुरा, त्यामुळे रिकामी पुंगळी नाकासमोरून उडते आणि धूर तोंडावर. सॅव्हेज मार्क टू (दर वेळी हाताने बोल्ट, म्हणजे खटका, ओढून गोळी भरायची रायफल) डाव्या बोल्टची मिळते म्हणे, पण इथल्या दुकानात हातात घेऊन बघायलाच नाही, ऑर्डर करा म्हणतात. सेकंडहँड चालेल, .२२ मॅग्नम नको, त्या जोरदार गोळीने मांस खराब होतं आणि मला ते खायचंय ना! तर मार्क टू वापरणाऱ्यांनो, ट्रिगर आणि मॅगझिन कसं आहे, का पुंगळीची सवय होते आणि १०/२२ च घेऊ?