लागलेली नोकरी सोडून पुन्हा शिकायला गेलेल्यांनो, लिहा

भाचा गेल्या वर्षी कॅम्पसमधून हिंजवडीत लागला. पेढे वाटून झाले आणि आता साहेब म्हणतात, एम.टेक.ला जायचंय. ताईचा रोज फोन, "तू समजाव त्याला." मी काय समजावणार? 2016 साली मी हेच केलं होतं. म्हणून हा धागा. नोकरीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ती सोडून पूर्णवेळ शिकायला गेलेल्यांनी लिहावं. पैशाचं काय केलंत, नोटीस पिरियड कसा निस्तरलात, घरी काय झालं? 'मनाचा कौल घ्या' छापाचे सल्ले नकोत, ते त्याला फुकटात भरपूर मिळालेत.

सुरुवात मीच करतो. मी मेकॅनिकलचा. शेवटच्या वर्षाला गेट (एम.टेक. प्रवेशाची परीक्षा) दिली होती, पण नोकरी हातात होती म्हणून आयटीत रुजू झालो. ट्रेनिंगनंतर सॉफ्टवेअर टेस्टिंगवर टाकलं. एक्सेलमध्ये टेस्ट केस लिहायच्या, पुढचं बिल्ड आलं की त्याच पुन्हा चालवायच्या. गेटचा स्कोअर 3 वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा पुन्हा द्यावी लागली नाही. जुन्याच स्कोअरवर पवईच्या आयआयटीत थर्मल इंजिनिअरिंगच्या एम.टेक.ला प्रवेश मिळाला. पगार हातात पंचवीस हजारांच्या आसपास यायचा, तिथे स्टायपेंड 12,400. तोही फुकट नाही, आठवड्याला 8 तास टीएचं (टीचिंग असिस्टंटचं) काम. माझ्या वाट्याला बी.टेक.च्या पोरांची लॅब जर्नल तपासणं आलं. हॉस्टेल-मेस भागायचं, घरी पाठवायला काही उरायचं नाही.

खरी पंचाईत तारखांची. गेटचा निकाल मार्चमध्ये, आयआयटीच्या ऑफर मे-जूनमध्ये, वर्ग जुलैच्या अखेरीस. आणि नोटीस 90 दिवसांची! ऑफरच्या आधी राजीनामा दिला तर दोन्हीकडून लटकायची भीती, नंतर दिला तर पैसे भरून सुटका. मी भरले. ही रक्कम बेसिकवर धरतात की ग्रॉसवर, हे नेमणूकपत्रात आधी वाचा, जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. काही ठिकाणी तर पैसे भरून सुटायची मुभाही मॅनेजरच्या मर्जीवर असते.

शिवारपाखरू

आमचं क्षेत्र वेगळं. बी.एस्सी. ॲग्री झालं की औषध कंपन्या लगेच उचलतात (औषध म्हणजे फवारणीचं). मी सेल्स ऑफिसर, एरिया सांगोला-आटपाडी. दिवसभर मोटरसायकलवर कृषी सेवा केंद्रं पालथी घालायची, महिनाअखेर टार्गेट आणि उधारीची वसुली.

तो पट्टा डाळिंबाचा. तेल्या रोगानं बागा बसलेल्या. एकदा एक आजोबा दुकानात फळ घेऊन आले. सालीवर तेलकट काळे डाग, मधोमध चीर गेलेली. "साहेब, ह्याला काय मारू?" दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. त्या महिन्याच्या टार्गेटला भुरीचं बुरशीनाशक होतं, आणि तेल्या पडला जिवाणूचा रोग. मी म्हणालो, आजोबा, हे नेऊ नका, उपयोग नाही. दुकानदार पुढं महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. पण मग काय नेऊ, ह्याचं धड उत्तर माझ्याकडंही नव्हतं. कॉलेजात वनस्पती रोगशास्त्राचा पेपर चांगल्या मार्कांनी काढलेला, तरी बहार कुठला धरायचा, छाटणीनंतर बागेत काय करायचं, हे आजोबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

कृषी विद्यापीठांची सीईटी दिली, राहुरीला एम.एस्सी.ला नंबर लागला. वडील एवढंच म्हणाले, "शेतकऱ्याचं पोरगं पगार सोडून परत शेतातच चाललं." चुकीचं नव्हतं ते. गाडीचे हप्ते उरले होते ते त्यांनीच फेडले, आणि हे त्यांनी मला कधी ऐकवलं नाही, आई मात्र ऐकवते. राहुरीत पहाटे प्लॉटवर जाऊन पानं मोजायची, रोगाची टक्केवारी काढायची, दुपारी प्रयोगशाळेत पेट्री डिश. कंपनीत कमावलेली एक गोष्ट मात्र कामाला आली. शेतकऱ्याशी बोलताना अडखळत नव्हतो, बरोबरची हुशार पोरं अडखळायची. पुढं नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) काढली, आता कृषी विज्ञान केंद्रात आहे. पगाराच्या बाबतीत कंपनीतले जोडीदार अजून पुढंच आहेत, ते खोटं सांगणार नाही.

मध्यमान

सरकारी बँकेत क्लार्क होते, आयबीपीएसमधून (बँकभरतीच्या परीक्षेतून) लागलेली. प्रोबेशनमध्येच राजीनामा दिला आणि पुणे विद्यापीठात एम.एस्सी. संख्याशास्त्राला गेले. घरच्यांचा राग शिक्षणावर नव्हता हो. 'बँकेतली मुलगी' म्हणून स्थळं यायला लागली होती, ती थांबली ना! मावशी तर आईला म्हणाली, "लग्न ठरेपर्यंत तरी थांबायचं होतं तिनं."

एम.एस्सी.ला एम.टेक.सारखा स्टायपेंड नसतो, हे भाच्याच्या मित्रमैत्रिणींना सांगा. मी 'कमवा आणि शिका'मध्ये काम केलं, त्यात तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात, शिवाय बारावीच्या दोन मुलींच्या शिकवण्या घेतल्या. सरकारी नोकरी सोडणाऱ्यांनी राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र आणि कार्यमुक्तीचा आदेश, दोन्ही कागद हातात घेतल्याशिवाय गाव सोडू नये. पुढे दुसरीकडे अर्ज केला तेव्हा पहिल्यांदा तेच मागितले.

घाटाखालचा

मी नोकरी सोडली नाही. बिट्स पिलानीचा नोकरी करता करता करायचा एम.टेक. केला, शनिवार-रविवार ऑनलाइन वर्ग. फी कंपनीने दिली, बदल्यात थांबायचा करार. पदवी मिळाली, पण प्रयोगशाळा आणि गाईड ही चैन मिळाली नाही. ज्याला संशोधनात जायचंय त्याला हे पुरणार नाही, बढतीपुरतं हवं असेल तर उत्तम.

आखेनकर

चाकणला कारखान्यात जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) होतो, तिथून जर्मनीला मास्टर्सला आलो. बाँड होता, त्याचे पैसे भरून सुटलो. त्यापेक्षा ब्लॉक्ड अकाउंटने घाम काढला. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच दाखवावी लागते, सध्या 11,904 युरो, आणि तिथे गेल्यावर महिन्याला 992 हातात पडतात. कर्जाला तारण लागलं. गावाकडे जमीन आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण बँकेच्या शाखेने शेतजमीन घेतली नाही. शेवटी काकांचा फ्लॅट तारण ठेवला. काकूचा चेहरा काय झाला असेल ते समजून घ्या. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. जमेल तसं थोडं थोडं भरत राहिलं तर पुढे अंगावर येत नाही.

इथे ट्यूशन फी अशी नाही, सेमिस्टरला काही शे युरो, त्यातच प्रवासाचा पास. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, राज्य बघून अर्ज करा. आणि एपीएसच्या (आपल्या पदव्या तपासणारं जर्मन दूतावासाचं केंद्र) कागदपत्र-तपासणीला वेळ धरा, नोकरी सोडण्याच्या कितीतरी आधी तो अर्ज टाका.

मध्यमान

@आखेनकर, चाकणच्या अनुभवाचा तिकडे उपयोग झाला का?

आखेनकर

झाला. इन्स्टिट्यूटमध्ये हिवी म्हणून, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली तासांवर काम मिळालं, ते शॉप फ्लोअर पाहिलाय म्हणूनच. प्रवेशाला मात्र मार्कच बघितले.

शिवारपाखरू

भाच्याचं विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट आणि टीसी आत्ताच काढून ठेवायला सांगा. एक दिवसाची रजा टाकली तरी चालेल. जुलैत त्या खिडकीसमोर अख्खा जिल्हा उभा असतो.