दौऱ्यात ट्रेलरचे बेअरिंग जाम झाले: बदलून पुढे जावे, की ट्रेलर इथेच ठेवावा?

रानवाट (शिकागो):

नमस्कार मंडळी. हे मी साउथ डकोटातील चेंबरलेन गावच्या एका मोटेलमधून लिहीत आहे. मी आणि पत्नी होंडा गोल्ड विंग या मोटारसायकलवरून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघालो आहोत. मागे एकाच आसाचा, आठ इंची चाकांचा फायबरग्लासचा ट्रेलर असून सामानासह त्याचे वजन सुमारे ४०० पौंड भरते. काल दुपारी आय-९० महामार्गावर, मिसुरी नदी ओलांडून वीसेक मैल पश्चिमेला गेल्यावर, गाडी ओढायला जड वाटू लागली. मी ते समोरच्या वाऱ्यावर ढकलले. थोड्याच वेळात मागून घरघर ऐकू येऊ लागली, ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊ लागला आणि पत्नीने खांद्यावर थाप मारून उजव्या चाकातून धूर येत असल्याचे दाखवले. त्या वेळी वेग ७५ मैल होता, कारण तिथली मर्यादा ८० आहे आणि मागून ट्रक येत होते. मी पुढच्या ब्रेकला हात न लावता थ्रॉटल हळूहळू सोडला आणि गाडी कडेच्या पट्टीवर उभी केली. चाक आतल्या बाजूला कलले होते आणि हबजवळ, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते त्या चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात नेववत नव्हता.

आम्ही दोघेही सुखरूप आहोत. ट्रेलर फ्लॅटबेड ट्रकवर चढवून गावात आणला आणि गोल्ड विंग मी स्वतः चालवत आणली. निघण्यापूर्वी हब उघडून पाहिले नव्हते. हबच्या टोपीवर ग्रीस भरण्यासाठी असलेल्या निपलमधून ग्रीस गनने भरपूर ग्रीस तेवढे भरले होते. उद्यानातील मुक्कामाचे आरक्षण चार दिवसांवर आले आहे आणि अजून सहाशेहून अधिक मैल जायचे आहे. इथे बेअरिंग मिळाल्यास ते बदलून पुढे जाणे योग्य ठरेल का? बिघाड ग्रीसमुळे झाला, की वेगामुळे? आणि पुढे बिगहॉर्न पर्वत ओलांडायचा असल्याने, या ट्रेलरसह कोणत्या रस्त्याने जावे?

घाटवेडा (डेन्व्हर):

आपण दोघे सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. झोके सुरू झाल्यावर आपण जोरात ब्रेक मारला नाहीत, हे फार महत्त्वाचे होते. तसा ब्रेक मारला की ट्रेलरचे वजन मागून गाडीला ढकलते, झोके वाढतात आणि मग मागचे चाक ताब्यात राहत नाही.

बेअरिंग मिळेल का, याची चिंता करू नका. चेंबरलेन ज्या पाण्याच्या काठावर आहे तो मिसुरीवरील धरणाचा जलाशय आहे, तिथे मासेमारीच्या बोटी सतत येत-जात असतात आणि बोटींच्या छोट्या ट्रेलरना बहुधा आपल्यासारखीच बेअरिंगे असतात. म्हणून मोटारसायकलच्या दुकानात न जाता बोटींचे किंवा शेतीचे सामान विकणारे दुकान गाठावे. स्पिंडल, म्हणजे बेअरिंग ज्यावर बसते ते आसाचे टोक, सरळ एक इंची असेल तर एल ४४६४३ आणि एक पूर्णांक एक सोळांश इंची असेल तर एल ४४६४९ हा क्रमांक लागतो. दोन्हींचा बाहेरचा कप, म्हणजे रोलर ज्यात फिरतात ते कडे, एल ४४६१० हाच असतो. दुकानात अंदाजाने मागू नका, व्हर्नियर या बारीक मापाच्या पट्टीने मोजून जा.

मात्र आपला निर्णय बेअरिंगवर नव्हे, स्पिंडलवर ठरायला हवा. हब उतरवून, स्पिंडल रॉकेलने स्वच्छ पुसून, उजेडात फिरवून पाहावे. बेअरिंगचे आतले कडे स्पिंडलवर स्वतःच फिरले असेल, तर तिथे खोल ओरखडे आणि झीज दिसेल आणि नवे बेअरिंग त्यावर घट्ट न बसता डुलेल. पोलाद निळे पडलेले दिसले, तर ते साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले होते असे समजावे. अशा स्पिंडलवर नवे बेअरिंग चढवून आपण वहिनींना घेऊन महामार्गावर निघू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. पॉलिश पेपरने घासून निळेपणा निघेल, पण झालेले नुकसान त्याने भरून येणार नाही.

रस्त्याविषयी: बफेलो गावाहून टेन स्लीपकडे जाणारा यू. एस. १६ हा महामार्ग घ्यावा. त्यावरील पावडर रिव्हर खिंड ९,६६६ फुटांवर असली, तरी चढ-उतार त्यामानाने सौम्य आहेत. पर्वत ओलांडणाऱ्या दुसऱ्या रस्त्यावर, यू. एस. १४-ए वर, दहा टक्क्यांचा उतार आहे आणि आपल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसणार, तेव्हा तो रस्ता टाळावा. ट्रेलर सोबत नसेल, तर मात्र तो जरूर पाहण्यासारखा आहे.

लोखंडकाम (भोसरी, पुणे):

मी मोटारसायकलमागे कधी ट्रेलर ओढलेला नाही, परंतु जळालेली बेअरिंगे उघडून कारण शोधणे हे माझे वीस वर्षांचे काम आहे, म्हणून तेवढ्याच बाबतीत लिहितो.

आपल्या वर्णनावरून मला पहिला संशय मागच्या सीलचा, म्हणजे हबमधील ग्रीस आत रोखून धरणाऱ्या कड्याचा, येतो. निपलमधून दाब देऊन ग्रीस भरताना हब भरल्यावर जास्तीच्या ग्रीसला जायला जागा उरत नाही आणि ते मागचे सील ढकलून बाहेर येते. त्यानंतर त्या वाटेने ग्रीस गळत राहते आणि धूळ व पाणी आत शिरते. चाकाच्या आतल्या बाजूला आणि रिमवर ग्रीसचे फटकारे दिसतात का, ते पाहावे. दिसले, तर सील आधी गेले आणि बेअरिंग मागाहून गेले, असे म्हणता येईल. दुसरे असे की, जुन्या ग्रीसवर वेगळ्या जातीचे ग्रीस भरल्यास काही ग्रीसचे एकमेकांशी जमत नाही. मिश्रण पातळ होऊन वाहून जाते. डब्यावर दोन्ही ठिकाणी ‘उच्च तापमानासाठी’ असे लिहिलेले असले, तरी दोन्ही ग्रीस एकाच जातीचे आहेत असे होत नाही. जुने ग्रीस संपूर्ण धुऊन काढणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

वेगाचाही वाटा आहेच. आठ इंची रिमवरचा टायर सुमारे सोळा इंच व्यासाचा धरला, तर ७५ मैलांच्या वेगाने ते चाक मिनिटाला दीड हजारांहून अधिक फेऱ्या घेते. मोटारीचे चाक त्याच वेगाला हजाराच्या आसपास असते. बेअरिंगची अवस्था चांगली असेल तर ते हे सहन करते, पण ग्रीस कमी झाले की उष्णता फार झपाट्याने वाढते. टायरच्या बाजूवर छापलेली वेगमर्यादाही वाचावी; ट्रेलरच्या पुष्कळ टायरांची मर्यादा ६५ मैल असते.

नवे बेअरिंग बसवताना नट पान्याने ताणून तसाच ठेवू नये. हब हाताने फिरवत नट आवळावा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग तो सैल करून केवळ बोटांनी पुन्हा लावावा आणि जवळच्या खाचेत नवी कॉटर पिन घालावी. अतिरिक्त आवळलेले बेअरिंग पहिल्या पन्नास मैलांतच तापते. कप जुना ठेवून आतले रोलर तेवढे नवे घालण्याची काटकसर तर कधीच करू नये.

उत्तरवारा (कॅलगरी):

वरील दोघांनी यंत्राचे सांगितले आहे. मी सामानाचे सांगते. आम्हीही दोन उन्हाळे ट्रेलर ओढला आहे आणि माझे प्रामाणिक मत असे की, ट्रेलरमधील निम्मे सामान ‘जागा आहे म्हणून’ आलेले असते. स्पिंडल खराब निघाले तर दौरा मोडू नका. आपण परतताना याच आय-९० ने येणार असाल, तर चेंबरलेनमध्ये कुलूपबंद साठवणीची खोली महिन्याने भाड्याने घ्या, ट्रेलर तिथे ठेवा, पावसाळी कपडे, औषधे, पंक्चरचा संच आणि थंडीचे कपडे गाडीच्या पेट्यांत भरा आणि उरलेले टपालाने घरी पाठवा.

ट्रेलर घेऊनच गेलात, तर सामानाची मांडणी बदला. जड वस्तू आसाच्या किंचित पुढे ठेवाव्यात, म्हणजे एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या सांध्यावर, येतो. मागे जड झालेला ट्रेलर चांगल्या बेअरिंगांवरही झोके घेतो. दुरुस्तीनंतर पहिल्या दहा मैलांवर थांबून दोन्ही हबना हात लावून पाहा. कोमट असणे ठीक. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर तिथूनच परत फिरा. त्यानंतर प्रत्येक पेट्रोल पंपावर, गाडीवरून उतरल्याबरोबर, हेल्मेट काढण्याच्याही आधी आमचा हात हबकडे जातो.

आणि रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागलेच, तर दोघांनीही ट्रेलरजवळ न थांबता गवताच्या बाजूला, वाहनांपासून दूर उभे राहावे आणि मदत मागताना मैलाच्या पाटीवरचा आकडा सांगावा.

रानवाट (शिकागो):

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी बोटींची दुरुस्ती करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये हब उतरवला. आतल्या बेअरिंगचे कडे स्पिंडलला चिकटले होते आणि ते छिन्नीने काढावे लागले. स्पिंडल एक पूर्णांक एक सोळांश इंची आहे, म्हणजे मूळ माप २६.९९ मिलिमीटर, आतल्या बेअरिंगच्या जागी एका बाजूने मोजले तर २६.६ भरले आणि सभोवती बोटभर रुंद निळा पट्टा होता. रिमच्या आत ग्रीसचे फटकारेही सापडले, तेव्हा भोसरीहून आलेला तर्क बरोबर ठरला. डावे हबही उघडले: बेअरिंग शाबूत होते, पण मागचे सील अर्धे बाहेर आले होते. आणखी शंभर-दोनशे मैलांत तेही गेले असते.

पत्नीशी बोलून ट्रेलर इथेच ठेवण्याचे ठरवले. संपूर्ण आस नवा मागवला आहे. स्प्रिंगांच्या मध्यांमधील आणि दोन्ही हबांच्या तोंडांमधील अंतर मोजून दिले असून, आम्ही परत येईपर्यंत तो बसवून ठेवण्याचे वर्कशॉपच्या मालकांनी मान्य केले आहे. तंबू आणि स्वयंपाकाचा संच टपालात टाकला. उद्या पहाटे रॅपिड सिटीकडे निघतो; ट्रेलर नसल्याने यू. एस. १४-ए ने जाणार आहोत. परतीच्या वेळी नवे हब पहिल्या दहा मैलांत किती तापतात, ते इथे लिहीन.