पावसाळ्यात शेगडी पेटवायला घरातलं काय ठेवावं, कसं साठवावं?

घणसोलीकर
वनबीएचके फ्लॅट. पावसाळ्यात बाल्कनीत कोळशाची शेगडी आणि थंडीत कर्जतकडच्या शेतावर चूल, एवढाच उपयोग. रॉकेल नको आहे. एका पिशवीत रद्दी, नारळाच्या शेंड्या, संत्र्याच्या साली ठेवल्यात. जूनपासून सगळं मऊ पडतं, काड्यांवर काड्या जातात आणि नुसता धूर. काय ठेवू, काय टाकू? हवाबंद डबा घेतला की काम होईल का? परदेशी व्हिडिओंत ड्रायरचा लिंट (कपड्यांतून सुटलेल्या तंतूंचा भुगा) वापरतात, आपल्या वॉशिंग मशीनच्या जाळीतला चालतो का?

चूलवाला_ठाणे
नुसत्या डब्याने काही होणार नाही. ओलसर माल डब्यात घातला की ओल आतच कोंडते आणि आठवड्यात बुरशी धरते. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते. हाताला कोरडा लागणारा कागदही पाणी ओढून बसलेला असतो, मग काडीची बरीच उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते. आधी सुकवणं, मग डबा.

उत्तम काळ एप्रिल-मे: कडक उन्हात दोन दिवस, संध्याकाळी आत घ्यायचं. आत्ता करायचं तर ओव्हन 80-90 अंशांवर, दार किंचित उघडं, अर्धा तास, आणि समोरून हलायचं नाही. मायक्रोवेव्ह अजिबात नको, त्यात एखादी जागा एकदम तापून आतच पेट घेते. ओव्हनमधून काढलेलं पूर्ण गार होऊ देऊ नका, कोमट असतानाच झाकण लावा. गार होईपर्यंत उघडं राहिलं तर तेवढ्यात पुन्हा ओल ओढतं.

शेंडी ठेवाच, पण अख्खी नाही. धागे सोडवा, तळहातांत चोळून पिंजा आणि कागदावर झटका. खाली पडणारा तपकिरी भुसा फेकून द्या (कुंडीत घाला). पाणी धरून ठेवतो तो हाच, आणि धूरही त्याचाच. पिंजलेल्या धाग्यांचा लिंबाएवढा सैल गोळा एका शेगडीला पुरतो. घट्ट वळला तर हवा जात नाही, वरवर काळा पडून विझतो.

रद्दीत साधं वर्तमानपत्र ठेवा, चकचकीत पुरवणी नको. तिच्या कागदावर खनिज लेप असतो, राखेचे पापुद्रे कोळशावर बसून हवा अडवतात. दुकानाच्या थर्मल पावत्याही नकोत. संत्र्याची साल कडकन मोडत असेल तरच ठेवा. ती ज्योतीवर मस्त पेटते, ठिणगीवर नाही.

जाळीतला लिंट टाकून द्या. ओला असतो, साबण असतो आणि आपल्या कपड्यांत निम्मं पॉलिएस्टर. खात्री हवी तर चिमट्यात धरून पेटवा. सुती असेल तर मऊ राख उरते, पॉलिएस्टर आक्रसून त्याचा कडक काळा मणी होतो.

वाशीची_वखार
फुकटातला उत्तम माल राहिला की! हापूसच्या पेटीतला पेंढा. मे अखेरीस वाशीच्या फळबाजाराबाहेर ढीग पडलेले असतात. आंब्याचा रस लागलेला भाग वगळायचा, नाहीतर मुंग्या. रसवंतीची चिपाडं त्याच कारणाने मला आवडत नाहीत, साखर राहतेच. पेटीच्या फळ्या कोयत्याने उभ्या चिरून पेन्सिलएवढ्या ढलप्या करा. पेंढा भसकन जळून जातो, कोळसा धरेपर्यंत आग टिकवतात त्या ढलप्या. सुताराकडचा भुसा आणणार असाल तर साग-देवदाराचा. प्लाय आणि एमडीएफच्या भुशात डिंकाचं रसायन असतं, खायच्या पदार्थाखाली नको.

फुलवात
फार पसारा नको असेल तर केमिस्टकडचा शुद्ध कापूस आणि पेट्रोलियम जेली. सुपारीएवढ्या बोळ्याला पाव चमचा जेली बाहेरून चोळायची, मध्य कोरडा ठेवायचा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: सगळा बोळा लडबडवतात, मग फेरो रॉडची (घासून ठिणग्या पाडायची धातूची कांडी) ठिणगी त्यावर पडून विझते. वापरताना बोळा फाडून कोरडे तंतू वर काढा. मिनिटा-दोन मिनिटांचं काम असेल तिथे हा चार मिनिटं जळतो. वीस बोळे एका छोट्या डबीत मावतात आणि जेली असल्याने ओल फारशी लागत नाही.

तुपातल्या फुलवाती हेच काम करतात, फक्त महिन्या-दोन महिन्यांत खवट होतात आणि उंदरांना आवडतात. स्टीलच्या डबीतच ठेवा.

कापूर लगेच पेटतो, पण उघडा राहिला तर उडून जातो. मिरी टाकून राहतो म्हणतात, राखतं ते घट्ट झाकणच. एका शेगडीला दोन वड्या पुरेत. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेला तर विषारी.

आणि तारेच्या घासणीवर वेळ घालवू नका. व्हिडिओत बॅटरीने पेटते ती अगदी बारीक पोलादी लोकर. आपली भांड्यांची गुंडाळी जाड स्टेनलेसची, ती धरत नाही.

घणसोलीकर
अंड्याच्या ट्रेमध्ये मेण ओतून करतात ते कसं? आणि काडेपेटी त्याच डब्यात ठेवली तर?

चूलवाला_ठाणे
पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, प्लास्टिकचा नाही. खळ्यात सुका भुसा पाऊण भरा, दाबू नका. जुन्या मेणबत्त्यांचं मेण उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, थेट आचेवर कधीच नाही. मेणाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. गॅस बंद करून झाकण टाका. भुसा जेमतेम भिजेल एवढंच मेण घाला, खळे सुटे कापताना पुठ्ठ्याची कडा कोरडी राहू द्या. काडी तिथेच लावायची असते.

काडेपेटी वेगळ्या झिप पिशवीत ठेवा. आधी बाद होते ती बाजूची पट्टी. मऊ पडली की काडी ओढताच मसाला सोलून काडीला चिकटतो आणि ठिणगी येत नाही. सुकवून पुन्हा क्वचितच नीट चालते, म्हणून पट्टीचा जादा तुकडा ठेवा.

कळवा_नाका
एक हरकत. वरच्या यादीतलं सगळं एका फ्लॅटमध्ये नको. एक लिटरचा एक स्टीलचा डबा, बस. एक लिटरला 10-15 ग्रॅम सिलिका जेलची पुडी. नारिंगी मणी हिरवे झाले की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर तासभर तापवले की परत नारिंगी. डबा गॅसच्या वरच्या माळ्यावर, मीटरजवळ किंवा जिन्यात नको. लाकडाला अळशीचं तेल लावलेल्या चिंध्या तर मुळीच साठवू नका, गोळा करून ठेवल्या की त्या आपसूक तापून पेटतात. शेगडी बाल्कनीत पेटवली तर धगधगती आत आणू नका, निखाऱ्याच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि येऊरला जाऊन प्रयोग करायचा विचार असेल तर तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे चूल पेटवायची नाही.