दुकानात माणसं किती यावर बाईचा हक्क ठरायचा का?

माणदेशी_लेक:
सहा वर्षं साडीच्या दुकानात काउंटरला होते, पेठेतलं दुकान, नाव घेत नाही. सकाळी साडेदहा ते रात्री साडेनऊ उभं. स्टूल एकच, ते मालकांच्या आईसाठी. गिऱ्हाईक नसलं तरी टेकायचं नाही, बसलेली पोरगी आळशी दिसते म्हणे. संडास शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये आणि किल्ली गल्ल्यावर, दर वेळी मालकांकडे मागायची लाज वाटायची म्हणून दुपारनंतर मी पाणीच पीत नव्हते. पाचव्या महिन्यात पोट दिसायला लागलं तर सांगितलं, आता आराम कर, बाळ झालं की ये. गेले तर जागा भरलेली. माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेल्या मुलाला माझ्यापेक्षा तीन हजार जास्त होते, विचारलं तर म्हणाले त्याला घर चालवायचंय. माझं घर तेव्हा माझ्याच पगारावर चालत होतं.

नंतर कळलं की महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लिहिलंय, भरती, ट्रेनिंग, बदली, बढती, पगार यात बाईशी भेदभाव करायचा नाही. पण तेव्हा तो १० किंवा जास्त कामगार असले तरच लागू होता. १९४८ चा जुना कायदा छोट्या दुकानांनाही लागू होता. आमच्याकडे हजेरीपटावर नऊ नावं आणि काम करणारे चौदा, बाकीच्यांना व्हाउचरवर पैसे. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० करायला मंजुरी दिली, शिवाय रोजचे तास ९ चे १० आणि ओव्हरटाइम तिमाहीला १२५ चा १४४ तास.

माझं म्हणणं एवढंच, नोंदणी, फॉर्म, परवाने यांना काय आकडा ठेवायचा तो ठेवा, भेदभावाच्या कलमाला आकडा नको. मराठी पाटीसाठी २०२२ मध्ये हाच कायदा दुरुस्त करून दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना लागू केला ना? पाटी मलाही हवीच होती, पण तिच्याखाली अकरा तास उभ्या असलेल्या बाईसाठी तेच का करत नाहीत?

पेठेतला_दुकानदार:
ताई, तुमच्यासोबत झालं ते चूकच, त्याची बाजू घेणार नाही. पण माझ्या दुकानात तेरा माणसं, सात बायका, मला विचाराल तर २० ची मर्यादा बरोबर आहे. लग्नसराई आणि दिवाळी सोडली तर महिना महिना गल्ला हलत नाही, भाडं मात्र हलतं, वर. मॉलवाल्याकडे एचआर आहे, वकील आहे, माझ्याकडे मी आणि माझी बायको. इन्स्पेक्टर आला की कुठला ना कुठला कागद कमी निघतोच आणि पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी दिवाळीला उचल देतो, एकीच्या मुलीच्या लग्नाला पैसे दिले ते अजून मागितले नाहीत, उशीर झाला तर रिक्षा करून घरी सोडतो, यातलं काहीच कायद्याने सांगितलेलं नाही. तुम्ही प्रत्येक गोष्टीला कलम लावलंत तर माझ्यासारखे लोक बायकांना कामावर घेतानाच दहादा विचार करतील.

माणदेशी_लेक:
दादा, तुम्ही चांगले आहात हे पटतंय. पण उचल तुमच्या मनावर आहे, तुमच्या मुलाच्या हातात गल्ला गेला की ती राहीलच असं नाही. आणि बाई आहे म्हणून कामावर घेताना दहादा विचार करणं, त्यालाच तर भेदभाव म्हणतात, तो भीती म्हणून सांगितला तरी तोच आहे.

मस्टर_रजिस्टर:
मी लेबर कायद्याची कामं करतो, दोघांनाही थोडं सांगतो. पगारात स्त्री पुरुष भेद करायचा नाही हे केंद्राच्या कायद्यात आधीपासून आहे, १९७६ चा समान मोबदला कायदा, आता तो वेतन संहितेत आलाय आणि तिथे माणसं मोजायची अट नाही. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यातही दहापेक्षा कमी माणसं असली तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. बाळंतपणाच्या रजेला दहाची अट आहे, पण तुमच्याकडे खरोखर चौदा जण होते तर हजेरीपट काय म्हणतो याने फरक पडत नाही, फक्त ते दाखवता आलं पाहिजे. व्हाउचरचे फोटो, ड्यूटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, जे असेल ते जपून ठेवा. म्हणून मला विचाराल तर मर्यादा १० की २० हा वाद दुय्यम आहे, आहे तेच कोणी वापरत नाही.

माणदेशी_लेक:
वापरणार कोण सर? पाच महिन्यांची पोटुशी बाई, संध्याकाळच्या पगारासाठी थांबलेली, ती व्हाउचरचे फोटो काढेल? आणि तुम्ही सांगितलेल्यात कामावर परत घेणं, बढती, काउंटरवरून कॅशला बदली हे कुठे आलं? ते राज्याच्या कलमात होतं, म्हणून तर ते मला हवंय.

हिंजवडी_नाइट:
आमच्याकडे चारशे लोक, त्यामुळे सगळं लागू. रात्री साडेनऊनंतर काम असेल तर बाईची संमती लागते आणि गाडी घराच्या दारापर्यंत सोडते. सुरुवातीला ड्रायव्हर चौकातच उतरवायचे, एका मैत्रिणीने मेलमध्ये कायद्यातला शब्द लिहून पाठवला, दुसऱ्या आठवड्यापासून दारात. कागदावर असलेलं उपयोगी पडतं हो.

कोझिकोडकर_मराठी:
बसण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या कोझिकोडला कापड दुकानातल्या बायकांनी याच त्रासासाठी लढा दिला, विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पेण्कूट्ट ही संघटना उभी केली, मुद्दे तेच, संडास आणि बसायला जागा. २०१८ मध्ये केरळने दुकान कायदा बदलून बसायची सोय सक्तीची केली, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही केली.

पेठेतला_दुकानदार:
स्टूलला माझा विरोध नाही, उद्याच चार आणतो, बाराशेचा खर्च आहे. माझा विरोध तपासणीला आहे.

माणदेशी_लेक:
आणा दादा, मनापासून सांगते, आणाच. पण तुमच्या शेजारच्या दुकानातली मुलगी तुमच्याकडची बसलेली बघून मालकाला विचारेल आणि तो म्हणेल बसायचं असेल तर तिकडे जा. तिने कुठलं कलम दाखवायचं?